‘प्लेस’ म्हणजे नक्की काय? प्रासा, लार्गु, चौक आणि पृथ्वी

वाटाड्या
पणजीच्या जुन्या भागात पायी फिरणाऱ्यांसाठी मराठी पत्रक तयार करायचं चाललंय. सगळा मसुदा एका शब्दापाशी अडलाय. इंग्रजीत जिथे तिथे ‘प्लेस’ आणि ‘स्क्वेअर’, जुन्या पोर्तुगीज नावांत कुठे ‘प्राका’, कुठे ‘लार्गो’. मराठीत सरसकट ‘चौक’ करावं का? आणि मुळात हा ‘प्लेस’ आला कुठून? ‘पॅलेस’शी त्याचं नातं आहे असं एकाने ठामपणे सांगितलं. जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

निरुक्तप्रेमी
पॅलेसचा निकाल आधी लावू. नातं नाही. पॅलेस आला रोममधल्या ‘पालातियुम’ या टेकडीच्या नावावरून. तिथे सम्राटांचे वाडे होते, म्हणून टेकडीचं नाव वाड्याला चिकटलं. पोर्तुगीज ‘पालासियु’ तेच, पणजीतल्या आदिलशहाच्या वाड्याला लावत ते.

आता प्लेस. प्रवास उलटा सांगतो. इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचमधून घेतला, फ्रेंचला लॅटिनमधून मिळाला, तिथे तो ‘प्लातेआ’ होता. लॅटिननेही तो ग्रीकमधून उचललेला. ग्रीकमध्ये ‘प्लातूस’ म्हणजे रुंद, त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘प्लातेइया’, आणि ‘प्लातेइया होदोस’ म्हणजे रुंद रस्ता. पुढचा ‘रस्ता’ बोलताना गळाला, नुसती ‘रुंद’ उरली. आपण ‘हमरस्त्या’ला नुसतं ‘हमरस’ म्हणत नाही, पण ‘मुंबई एक्स्प्रेस गाडी’मधली गाडी बिनदिक्कत गाळतो, तसंच हे.

म्हणजे सुरुवातीला ‘ठिकाण’ हा अर्थ नव्हताच. होता रुंद रस्ता. शहरातला रुंद रस्ता जिथे आणखी पसरतो तिथे लोक जमतात, बाजार भरतो, म्हणून अर्थ झाला मोकळी जागा, पटांगण. ग्रीकमध्ये आजही ‘प्लातिया’ म्हणजे गावातलं पटांगणच. फ्रेंच ‘प्लास’मध्येही तो अर्थ शाबूत आहे. त्याशिवाय बसायची जागा, सामान ठेवायची जागा एवढं तो पेलतो, पण ‘कुठलंही ठिकाण’ म्हणायला फ्रेंच माणूस ‘लिय’ किंवा ‘आंद्रुआ’ म्हणतो. इंग्रजीत मात्र या शब्दाने तंबूत शिरलेल्या उंटासारखं केलं. १३व्या शतकापासून तो पसरत गेला आणि घरचे जुने शब्द बाहेर ढकलले गेले.

ते घरचे शब्द कोणते? ‘स्टेड’ आणि ‘स्टो’. दोन्ही आपल्या ‘स्था’ धातूचे भाऊबंद. ‘होमस्टेड’मध्ये, गावांच्या नावांत आणि ‘इन्स्टेड’मध्ये ते अजून जिवंत आहेत. ‘इन्स्टेड’ म्हणजे शब्दशः ‘च्या स्थानी’, आपल्या ‘ऐवजी’च्या जागी बसणारा. जर्मन ‘श्टाट’ म्हणजे शहर, तोही यातलाच.

खटपट्या
प्लेस, प्लॉट, प्लेट, प्लाझा, प्लॅटफॉर्म, प्लासिबो, प्लासेंटा, प्लीज. सगळे एकाच माळेचे मणी दिसतात.

निरुक्तप्रेमी
इथेच घात होतो, खटपट्याभाऊ. डोळ्यांनी स्पेलिंग वाचून नाती जुळवली की निम्मी चुकतात. आधी शब्दाचा सर्वांत जुना अर्थ पाहायचा, मग तो कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत आला ती वाट धरायची, आणि सर्वांत शेवटी एकेका व्यंजनाचा हिशेब मागायचा. तिसऱ्या पायरीला बरेच उमेदवार गळतात.

तुमच्या यादीतले प्लेट, प्लाझा, प्लॅटफॉर्म खरे नातलग. प्लॅटफॉर्म म्हणजे ‘सपाट आकार’, आणि आपला ‘फलाट’ हा त्याचाच मराठमोळा अवतार. प्लॉट हा जुन्या इंग्रजीतला जमिनीचा तुकडा, त्याचा या घराशी संबंध नाही. प्लासिबो आणि प्लीज हे लॅटिन ‘प्लाकेरे’, म्हणजे आवडणे, खूष करणे, यातून आले. प्लासेंटा म्हणजे लॅटिनमध्ये चपटा केक, त्याचं मूळ ग्रीक ‘प्लाक्स’, सपाट फरशी. अर्थ जवळचा, पण शेवटी ‘त’ नसून ‘क’, म्हणून धातू वेगळा.

‘सी’ या अक्षराने सगळा घोळ घातलाय. प्लेसमधला ‘सी’ हा ‘त’पासून झाला, प्लासिबोमधला ‘क’पासून. इंग्रजीत दोघेही ‘स’ म्हणून एकाच वेषात फिरतात.

जुनी_रुआ
हा वेष पोर्तुगीजमध्ये लगेच उघडा पडतो, म्हणून गोवेकरांना हे तपासणं सोपं. लॅटिन ‘प्लातेआ’चं पोर्तुगीजमध्ये झालं प्रासा, आणि ‘प्लाकेरे’चं झालं ‘प्राझेर’. एकात स, दुसऱ्यात झ. ‘ते’पुढे स्वर आला की पोर्तुगीज त्याचा ‘स’ करतो: लॅटिन ‘पुतेउस’ म्हणजे विहीर, तिचं ‘पोसु’. दोन स्वरांमधल्या ‘क’चा मात्र, पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ असेल तर, ‘झ’ होतो. हिशेब चोख.

आणि सुरुवातीचा ‘प्ल’चा ‘प्र’ कसा, असं कोणी विचारायच्या आत सांगतो. तीही सवयच आहे. चांदीला स्पॅनिश ‘प्लाता’, पोर्तुगीज ‘प्राता’. ताटलीला ‘प्रातु’. किनाऱ्याला स्पॅनिश ‘प्लाया’, पोर्तुगीज ‘प्राया’. इटालियन याच जागी ‘प्य’ करतो, म्हणून तिकडे ‘प्यात्सा’. जर्मन ‘प्लात्स’, डच ‘प्लाट्स’. सगळी एकाच आईची लेकरं.

वाटाड्याबाब, तुमच्या मसुद्यातली एक ढोबळ चूक आधी दुरुस्त करा. ‘प्राका’ असा शब्दच नाही. रोमी लिपीत त्या ‘सी’खाली एक शेपटी असते, तिला सेदिल्या म्हणतात. शेपटी असली की उच्चार ‘स’. संगणकावर टंकताना शेपटी गळते, मग इंग्रजीवरून मराठी करणारा ‘प्राका’ वाचतो. लिहायचं ‘प्रासा’. तसंच शब्दाच्या शेवटचा बिनाआघाताचा ‘ओ’ पोर्तुगीजमध्ये ‘उ’कडे झुकतो, म्हणून ‘लार्गु’. नि ‘लार्गु द इग्रेजा’मधला ‘जा’ हा जहाजातला नव्हे, फ्रेंच धाटणीचा मऊ ‘झ’. देवनागरीत तो नेमका दाखवता येत नाही, ‘इग्रेझा’ त्यातल्या त्यात जवळचं.

वाटाड्या
देव बरें करूं, बाब. शेपटीचं कुणी सांगितलंच नव्हतं. मग प्रासा आणि लार्गु यांत फरक काय?

जुनी_रुआ
वापरात फरक आहे, मुळात गंमत आहे. प्रासा म्हणजे शहराने मुद्दाम राखलेलं पटांगण: सरकारी इमारत, पुतळा, बाजार, संचलन. लार्गु त्यामानाने घरगुती, रस्ता वाटेत जिथे ऐसपैस होतो ती जागा, बहुतेकदा चर्चपुढची. पणजीतलं आझाद मैदान हे पोर्तुगीज काळात ‘प्रासा आफोंसु द अल्बुकेर्क’ होतं. ज्याच्या नावाने ते होतं त्याचा पुतळा आता जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहे. आणि चर्चच्या पांढऱ्या पायऱ्यांखालची जागा ‘लार्गु द इग्रेझा’, म्हणजे आजचा चर्च स्क्वेअर.

गंमत अशी की ‘लार्गु’चा अर्थही ‘रुंद’च! पोर्तुगीजमध्ये तो रोजच्या वापरातला विशेषण आहे. म्हणजे ग्रीकांनी ‘रुंद’वरून पटांगणाचं नाव पाडलं, तो शब्द झिजून प्रासा झाला, त्यातली रुंदी कुणाच्या ध्यानात राहिली नाही. मग पोर्तुगिजांनी नव्याने पुन्हा ‘रुंद’ हाच शब्द त्याच कामाला लावला. एकच विचार दोनदा. पणजीत मापांवरून नावं ठेवायची हौस दिसतेच: खाली लार्गु म्हणजे रुंद, वर आल्तिन्यु म्हणजे लहानशी उंची.

प्रासाचे आणखी अर्थही लक्षात ठेवा, जुने कागद वाचताना अडतं. प्रासा म्हणजे तटबंदीचं लष्करी ठाणं, साधा शिपाई, आणि लिलाव. ‘प्रासाला गेलं’ म्हणजे लिलावात निघालं. एखाद्या जप्तीच्या कागदावर हा शब्द दिसला आणि कुणी ‘माल चौकात नेला’ असं भाषांतर केलं, तर सगळं प्रकरणच फिरतं.

निरुक्तप्रेमी
लष्करी ठाण्यावरून आठवलं, आपल्याकडे हेच घडलंय. ‘स्थान’चं झालं ठाणं. साधी जागा, मग चौकीची जागा, मग पोलिसांची. भाषा वेगळी, वाट तीच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी इथे लिहायला बसलो. ग्रीक ‘प्लातूस’चा सख्खा भाऊ संस्कृतमध्ये आहे: पृथु. अर्थ तोच, रुंद. त्याचं स्त्रीलिंगी रूप पृथ्वी, पृथिवी. म्हणजे ‘पसरलेली’, ‘रुंद’. ग्रीकांनी स्त्रीलिंगी ‘रुंद’ रस्त्याला लावलं, आपल्या पूर्वजांनी अख्ख्या भूमीला. ग्रीसमध्ये प्लातैया नावाचं नगरही आहे, इ.स.पूर्व ४७९मध्ये इराण्यांशी जिथे मोठी लढाई झाली ते. ‘पृथिवी’शी रूपाने त्याचा मेळ जवळजवळ अक्षरशः बसतो.

‘ल’च्या जागी ‘ऋ’ कसा? संस्कृतात मूळ ‘ल’ अनेकदा ‘र’ झालेला दिसतो, आणि स्वरासारखा उच्चारला जाणारा ‘ल’ इथे ऋकार होऊन बसला. ग्रीक ‘त’पुढे आपला ‘थ’ आहे कारण ग्रीक आणि संस्कृत जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेत त्या जागी त-नंतर एक घशातला ध्वनी होता. तो ग्रीकमध्ये विरला, संस्कृतात श्वास होऊन ‘त’ला चिकटला.

खटपट्या
पण पृथ्वी हे नाव पृथु राजावरून ना? वेनाचा मुलगा, त्याने गायरूपी धरणीचं दोहन केलं वगैरे.

निरुक्तप्रेमी
ती पुराणातली कथा, आणि कथा म्हणून झकास. पण नावाचा उलगडा वेदातच आहे. ऋग्वेदात ‘स धारयत्पृथिवीं पप्रथच्च’ असं येतं: त्याने पृथिवीला धरलं आणि पसरलं. तिथे ‘प्रथ्’ म्हणजे पसरणे हा धातू पृथिवीच्या शेजारीच ठेवलाय, रचणाऱ्याला नातं ठाऊक होतं.

वैदिक शब्दांची मुळं सांगणाऱ्या ‘निरुक्त’ या ग्रंथात यास्काने तर यावर झालेला वादच नोंदवलाय. ‘प्रथनात् पृथिवी’ म्हणजे पसरण्यावरून पृथिवी, असं लोक म्हणतात. त्यावर आक्षेप घेणारा विचारतो, तिला पसरली कोणी, आणि कुठे उभं राहून? खवचट प्रश्न आहे, पण रास्त. यास्काचं उत्तर असं की कोणी पसरलेली नसली तरी ती दिसायला रुंद आहेच. व्युत्पत्तीशास्त्रात एवढं रोखठोक उत्तर विरळाच.

याच धातूतून ‘प्रथा’ आणि ‘प्रथित’ आले. प्रथितयश म्हणजे ज्याचं यश पसरलं तो. ‘प्रथम’ मात्र यातला नाही, तो ‘प्र’पासूनचा. आणि ‘पसरट’वर कुणी जाऊ नये. अर्थ हुबेहूब, पण ती ‘प्रसृ’ची पोर.

मासळीबाजार
मासळीतला नातलग राहिला. इंग्रजांच्या थाळीतला ‘प्लेस’ नावाचा चपटा मासा. उच्चार तंतोतंत तोच, स्पेलिंगमध्ये एक ‘आय’ जास्त. उत्तरेकडच्या युरोपी समुद्रातला. त्याचं नाव उत्तरकालीन लॅटिन ‘प्लातेस्सा’, तेही याच ‘रुंद-चपट्या’ घराण्यातलं मानतात. आपल्याकडे तो मिळत नाही, आपला चपटा मासा म्हणजे लेपो. त्याचं इंग्रजी ‘सोल’, म्हणजे चपलेचा तळ. भाषांतर करताना दोघांची अदलाबदल करू नका. दोघांचेही दोन्ही डोळे एकाच अंगाला, पण प्लेसचे उजव्या अंगाला आणि लेपोच्या कुळातल्यांचे डाव्या. डोळे वर आणि पोट आपल्याकडे करून धरलात तर तोंड कुठल्या अंगाला येतं त्यावरून फरक कळेल.

तिसरे_स्थान
गणिताकडे कुणी बघणार की नाही? ‘प्लेस’ला शाळेतल्या मराठीत दोन शब्द आहेत आणि ते बदलून चालत नाहीत. ‘प्लेस व्हॅल्यू’ म्हणजे स्थानिक किंमत, ‘डेसिमल प्लेस’ म्हणजे दशांश स्थळ. ५२७मधल्या २ची दर्शनी किंमत २, स्थानिक किंमत २०. ‘उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत’ म्हटलं की ३.१४. ‘दोन ठिकाणांपर्यंत’ असं लिहिलेली प्रश्नपत्रिका पाहून मुलं गोंधळतात, आणि त्यांचा दोष नाही.

‘स्थान’ हा इथे आयता घेतलेला शब्द नाही. आर्यभटाने ४९९मध्ये लिहिलं, ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’, प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट. त्यामुळे इथे इंग्रजीचं भाषांतर करतोय अशी समजूत ठेवू नये.

अजून एक. आयसोटोपला मराठीत समस्थानिक म्हणतात. तो शब्द अगदी जमलाय. ग्रीक ‘इसोस’ म्हणजे सम, ‘तोपोस’ म्हणजे स्थान, कारण अणूंची वजनं वेगळी असूनही आवर्त सारणीत ते एकाच घरात बसतात. १९१३मध्ये फ्रेडरिक सॉडीने हा शब्द वापरात आणला, आणि तो त्याला सुचवला होता मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी.

उपसंपादक
आता रोजच्या दुखण्यावर. यंत्राने केलेलं भाषांतर मेजावर येतं तेव्हा ‘प्लेस’ हा शब्द हमखास दगा देतो. ‘कार्यक्रमाने स्थान घेतले’ असं वाचलं की समजायचं, मूळात ‘टेक प्लेस’ होतं. मराठीत कार्यक्रम होतो, अपघात घडतो. ‘इन द फर्स्ट प्लेस’ला ‘पहिल्या ठिकाणी’ नव्हे, ‘मुळात’. ‘नियम जागेवर आहेत’ असं कुणी लिहिलं तर नियम लागू आहेत की कपाटात आहेत, कळायला मार्ग नाही. ‘आउट ऑफ प्लेस’ला संदर्भ पाहून ‘विसंगत’, ‘अप्रस्तुत’ किंवा सरळ ‘खटकणारं’. ‘ऑल ओव्हर द प्लेस’ म्हणजे विस्कळीत, सगळ्या जागेवर पसरलेलं नव्हे. सगळ्यात वाईट म्हणजे ‘शोक व्यक्त करून तो रेकॉर्डवर प्लेस केला’. नोंद घेतली म्हणा, संपलं.

उलट काही ठिकाणी मराठी इतकी जुळते की सुटसुटीत होतं. ‘त्याला त्याची जागा दाखवली’ हे अगदी आपलं. ‘जागा निघाल्या’ म्हणजे नोकरीच्या. ‘जागा’ फारसीतून आलेली, पण आता तिला परकी कोण म्हणेल?

‘स्थळ’ वापरताना जपून. ‘मुलीसाठी चांगलं स्थळ’ वाचल्यावर पर्यटनस्थळ कुणाच्या डोक्यात येत नाही. कोकणीत याच स्थलाचं ‘थळ’ झालं आणि त्यातून ‘थळावें’ म्हणजे स्थानिक. जागेला साधा शब्द मात्र ‘सुवात’. गोव्यात दोन्ही भाषांची पत्रकं शेजारी लागतात, तेव्हा मराठीत ‘थळाव्या’ आणि कोकणीत ‘स्थानिक’ असं उलटंपालटं होऊ देऊ नका.

अर्जनवीस
अर्जाच्या तळाशी ‘प्लेस’ आणि ‘डेट’ असतं, त्याबद्दल दोन शब्द, कारण अर्ज परत येतात ते यानेच. तिथे राहायचं गाव लिहायचं नसतं. सही ज्या गावात केली ते लिहायचं. राहता डिचोलीत आणि सही पणजीत केली तर ‘ठिकाण: पणजी’. प्रतिज्ञापत्रात हे विशेष महत्त्वाचं, कारण ते कुणापुढे आणि कुठे केलं यावर त्याचा जोर असतो. ‘प्लेस ऑफ बर्थ’ला ‘जन्मस्थान’ किंवा ‘जन्मठिकाण’, तिथे मात्र मूळ गाव नव्हे, प्रत्यक्ष जन्म जिथे झाला ते.

वस्तू व सेवा करात ‘प्लेस ऑफ सप्लाय’ म्हणजे पुरवठ्याचं ठिकाण. माल विकणारा म्हापशाचा, आणि पुरवठ्याचं ठिकाणही गोवाच, तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर लागतात. पुरवठ्याचं ठिकाण सावंतवाडी झालं की राज्य बदललं, एकात्मिक कर. मधे पत्रादेवीची चेकपोस्ट लागते एवढंच, पण बिलावरचा रकाना बदलतो. इथे ‘ठिकाण’च्या जागी कुणी ‘पत्ता’ लिहिलं तर चूक, कारण पत्ता दुकानाचा असतो, ठिकाण कायद्याने ठरतं.

खटपट्या
मग चौकाचं काय ठरलं? वाटाड्या बिचारा केव्हाचा थांबलाय.

निरुक्तप्रेमी
चौक म्हणजे ‘चतुष्क’, चार असलेलं. इंग्रजी स्क्वेअर हाही लॅटिन ‘चार’वरूनच आलाय, आणि लॅटिन ‘क्वात्तुओर’ व आपला ‘चतुर्’ ही एकाच मूळ शब्दाची दोन रूपं. म्हणजे स्क्वेअर आणि चौक यांची जोडी अगदी सोयीची. पण प्लेस, प्रासा, लार्गु यांत चाराचा संबंधच नाही, तिथे रुंदी आहे. म्हणून जिथे मूळ नाव स्क्वेअर आहे तिथे चौक करा. जिथे प्रासा किंवा लार्गु आहे तिथे ‘पटांगण’ किंवा ‘मोकळी जागा’. मैदानही चालेल, पण आझाद मैदानाशी घोळ होईल.

जुनी_रुआ
सहमत. माझं मत विचाराल तर नावाचं भाषांतर करूच नका. आधी मूळ नाव देवनागरीत, पुढे स्वल्पविराम देऊन आजचं नाव, आणि अर्थ खालच्या ओळीत. उदाहरणार्थ: ‘लार्गु द इग्रेझा, आजचा चर्च स्क्वेअर. लार्गु म्हणजे रुंद जागा, इग्रेझा म्हणजे चर्च.’ वाचणारा उभा असेल तिथे त्याला पायऱ्या दिसतात, बाकी त्याचं तो जुळवतो.

जाता जाता: पोर्तुगीजमध्ये ‘प्लातेआ’ पुन्हा एकदा, यावेळी थेट पुस्तकातून, ‘प्लातेइया’ म्हणून घेतला, अर्थ नाट्यगृहातला प्रेक्षकवर्ग, पुढची बैठक. एकाच शब्दाने दोनदा दार ठोठावलं: रस्त्यावरून आला तो प्रासा, ग्रंथातून आला तो प्लातेइया. आणि हल्ली ज्या इमारतींना बिल्डर ‘प्लाझा’ म्हणतात, तो तिसरा, स्पॅनिश, अमेरिकेला वळसा घालून आलेला. घरचा प्रासा असताना!

खटपट्या
आणि प्लेटो? त्याचं नावही ‘प्लात’वालंच ना?

निरुक्तप्रेमी
होय, ग्रीक ‘प्लातोन’. रुंद खांद्यांवरून पडलेलं टोपणनाव अशी जुनी आख्यायिका आहे. खांद्यांची खात्री कोण देणार, पण शब्द ‘रुंद’चाच. अरबीत ‘प’ नाही आणि शब्दारंभी जोडाक्षर चालत नाही, म्हणून पुढे ‘अ’ लागला, ‘प’चा ‘फ’ झाला, आणि झाला अफलातून. फारसीमार्गे तो आपल्याकडे आला तो तत्त्वज्ञ म्हणून, आणि राहिला विशेषण होऊन. तेव्हा अफलातून, फलाट, प्लेस आणि पृथ्वी ही एका घरातली माणसं आहेत.

वाटाड्या
मसुदा दुरुस्त केला. ‘प्राका’ काढलं, चर्चखाली ‘लार्गो’चं ‘लार्गु’ केलं, चौक फक्त स्क्वेअरला ठेवला. रोमी नावं ज्या फाँटमध्ये छापायची त्यात सेदिल्या दिसतेय का, ते छपाईआधी एक पान काढून पाहतो.

जुनी_रुआ
पान काढताना मोठी अक्षरंही तपासा, बाब. काही फाँटमध्ये छोट्या ‘सी’ला शेपटी असते आणि मथळ्यातल्या मोठ्या ‘सी’ची गायब होते. मथळाच चुकला तर खालचं बरोबर असून उपयोग नाही.